मी न लिहिलेलं कार्ड

आधीच सांगतो, चमत्कार वगैरे मी मानत नाही. आमचं घर बौद्ध, देव्हारा वडिलांनीच काढून टाकलेला... आणि मी पेशाने शिक्षक. तरी लिहितोय, कारण एवढ्या वर्षांत याचा उलगडा झालेला नाही.

पंचाहत्तर सालच्या आसपासची गोष्ट. भोकरदन तालुक्यात धावड्याला मी शाळेवर होतो, आई सोबत राहायची. त्याआधी तीन वर्षं, शिक्षकाच्या ट्रेनिंगला असताना, सोबत शिकणाऱ्या सुमनशी ओळख झाली होती. तिच्या भावाने लग्नाचं विचारलं. पण ती माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी म्हणून आईने नकार दिला — आणि मी मान खाली घालून बसून राहिलो. नंतर भेट नाही, पत्र नाही.

एका सोमवारी शाळा सुटल्यावर फळा पुसता पुसता मी स्वतःशीच म्हणालो, "सुमन, माझं चुकलं. मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं." वर्गात कोणी नव्हतं.

त्याच आठवड्यात रविवारी भर दुपारी सुमन दारात उभी! तीन गाड्या बदलून आलेली, पाय धुळीने भरलेले. तिने एक पोस्टकार्ड पुढे केलं. त्यावर माझी तीच दोन वाक्यं. अक्षर माझं, सही माझी, पोस्टाचा शिक्का धावड्याचा.

ते कार्ड मी लिहिलं नव्हतं.

'हो, मीच लिहिलं' म्हटलं असतं तर सोपं होतं. पण एकदा गप्प बसून तिला गमावलं होतं. आता खोटं बोलून मिळवायची नव्हती. मी खरं ते सांगून टाकलं. तिने कार्ड उलटसुलट करून पाहिलं. वाटलं, आता माघारी फिरेल...

"तुम्ही लिहिलं न्हाई, बरं," ती म्हणाली. "पण लिहिलंय ते खोटं हाय का?"

"न्हाई. बिलकुल खरं हाय."

"मंग कोणी लिहिलं ते ऱ्हाऊ द्या. मी उत्तर घेतल्याबिगर जाणार न्हाई."

आई मागच्या अंगणात डाळ निवडत होती. मी समोर जाऊन सांगितलं, लग्न करीन तर सुमनशीच, आता माघार नाही. आईने आधी माझ्याकडे पाहिलं, मग सुमनच्या धुळीच्या पायांकडे.

"जेवली का गं?" एवढंच तिने विचारलं.

उन्हाळ्यात आमचं लग्न झालं.

पोस्टात मी दोनदा चौकशी केली. कोणाला काही आठवेना. सुमन आजही म्हणते, तुम्ही झोपेत लिहिलं असेल. असेलही... पण ती कुंभार पिंपळगावच्या शाळेत बदली होऊन आली ती मी फळ्यापुढे बोललो त्याच सोमवारी. तिथल्याच एका शिक्षिका बाईंच्या घरी, मागच्या खोलीत उतरलेली. भावालासुद्धा कळवलेलं नव्हतं. कार्डावर त्या बाईंच्या नावासकट पूर्ण पत्ता होता — माझ्या अक्षरात. आणि मला तर ती कोणत्या तालुक्यात आहे, हेही ठाऊक नव्हतं.