साडूचे कडू बटाटे

माझ्या साडूइतका लाडका जावई अख्ख्या सातारा-सांगलीत दुसरा सापडणार नाही, आणि सापडूही नये. या एकाच्याच कौतुकानं माझे कान किटले आहेत. बायकोच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा, बटाट्याचा शास्त्रज्ञ. सांगलीच्या घराच्या गच्चीवर यानं परमुलखातल्या डोंगरांतले रानटी बटाटे कुंड्यांत वाढवलेले. गोटीएवढे, कडूजहर, पण मातीतल्या सूत्रकृमींना दाद न देणारे. हे किडे मुळांना गाठी आणतात आणि आमचा बटाटा पोसतच नाही. म्हणून हा चिमट्यानं आपल्या बटाट्याच्या फुलातले पुंकेसर काढणार, रानटी फुलाचे पराग कुंचल्यानं लावणार आणि वर पिशवी बांधणार. पहिली पोरं दणकट निघत, पण कडू. मग त्यांचं लग्न पुन्हा आपल्या बटाट्याशी, असं कडूपणा जाईपर्यंत. उंब्रजच्या सासूबाई आल्यागेल्याला सांगत, "आमचं धाकलं जावई बटाट्याच्या सोयरिकी जमवत्यात." शेजारी मी त्यांच्याच भाजीसाठी बटाटे चिरत बसलेला असे. थोरल्या जावयाबद्दल अवाक्षर नाही.

कुठंही गेला की पाणी पिण्याआधी रोप उपटून मुळं बघायची, ही त्याची खोड. एका साखरपुड्यात यानं मुलीच्या बापाच्या परसातलं फळांनी लगडलेलं वांग्याचं झाड उपटलं आणि गाठी दाखवत म्हणाला, "मामा, लय झ्याक नमुना हाय." मी असतो तर शिव्या खाल्ल्या असत्या. याला त्यांनी जाताना लाडू बांधून दिले.

शेवटी तो पुसेगावजवळच्या माझ्या रानात आला. "दादा, तुमच्याइतकं किडकं रान कुटं न्हाई. शेवटची चाचणी हितंच घिऊ." त्याच्या निवृत्तीला एवढा एकच हंगाम उरलेला. त्यानं आपल्या बटाट्यांच्या सऱ्या लावल्या आणि मधोमध एक सरी माझ्या बटाट्याची. तिला गाठी आल्या तरच रानात किडा होता आणि त्याचे बटाटे टिकले, असं ठरणार. म्हणजे सगळ्या सासुरवाडीदेखत हरायचं ते माझ्याच बटाट्यानं! मला ते सहन होईना. एका दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी माझ्या सरीत हात न आखडता निंबोळी पेंड घातली, तिनं हा किडा मरतो.

काढणीला सासूबाई मुद्दाम आल्या. त्याची मुळं स्वच्छ निघाली, माझीही. "थोरलं जावई बी काय कमी न्हाईत," त्या म्हणाल्या. हे ऐकायला मी वीस वर्षं थांबलो होतो. साडू मात्र माझी मुळं हातात घेऊन सरीतच बसला. "दादा, तुमच्यात गाठी न्हाईत, म्हंजी किडाच नव्हता. माजं कायबी ठरलं न्हाई."

त्याचा चेहरा मला बघवेना. "मी पेंड घातली," म्हणून टाकलं. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. हा ताडकन उठला.

"निस्ती तुमच्याच सरीत? माज्यात न्हाई नव्हं?"

"न्हाई."

"मग माजं खरंच टिकलं की वो दादा!" आणि चिखलाच्या हातांनी त्यानं मला मिठी मारली.

कागदावर चाचणी बादच झाली. पुन्हा घ्यायला वेळ नव्हता. तो निवृत्त झाला. चाचणी बाद का झाली, हे त्यानं कचेरीत कुणालाच सांगितलं नाही.

दर हंगामाला मी त्याचेच बटाटे लावतो. चवीला चांगले, मुळं साफ. वाणाला नाव मात्र नाही, ते माझ्यामुळं. त्याच्या जागी मी असतो, तर जन्मभर साडूचं तोंड पाहिलं नसतं. तो मात्र माझ्या गळ्यात पडला. त्याचा एवढा हेवा मला आजवर कधी वाटला नव्हता.