ताईंचे गुण

माणसाला बसल्याजागी घाबरवून सोडण्याची कला आमच्या थोरल्या नणंदबाईंइतकी अख्ख्या नाशिक जिल्ह्यात कुणाला साधलेली नसेल. ताई इथल्या एका दवाखान्यात लकव्याच्या वॉर्डात सिस्टर. आलेल्या पेशंटला महिना विचारायचा, वय विचारायचं, दात दाखवायला लावायचे, हात वर धरायला लावून दहापर्यंत मोजायचं आणि जिथे चुकेल तिथे गुण लिहायचे, हे त्यांचं रोजचं काम. या परीक्षेत शून्य मिळालं तर पेढे वाटावेत. गुण जितके जास्त तितका झटका मोठा. पण वॉर्ड आणि जग यांतला फरक ताईंना मान्यच नव्हता. मनमाडच्या एका लग्नात नवरदेवाचं हसू त्यांना वाकडं वाटलं, तर भर स्टेजवर त्याला दात दाखवायला लावले. बिचाऱ्याच्या गालात विडा होता! नवरीकडचे मात्र पंगत उठेपर्यंत कुजबुजत होते. आमच्याकडे कुणी जरा अडखळलं की ताईंची मान वळायची आणि अडखळणाऱ्याला घाम फुटायचा. उत्तर सुधारायची सोय नाही. "पहिलं उत्तर धरायचं. दुसरं लाडाचं असतं," म्हणायच्या.

गेल्या जानेवारीत एका रविवारी सकाळी ताई, हे आणि मी ओल्या हरभऱ्याचे घाटे सोलत बसलो होतो. यांच्या उजव्या हातातून घाटा निसटला. उचलला, पुन्हा निसटला. मी हसले. ताई हसल्या नाहीत.

"बाळा, महिना कुठला चाललाय?"

हे त्यांच्याकडे नुसते बघत राहिले. "बु... बुधवार."

"अहो, जानेवारी!" मी ओरडले.

"तू गप्प बस! शेवटचं नीट कधी बोलला हा?"

"दहाला. चहा मागितला."

शेजाऱ्यांच्या गाडीत बसेपर्यंत ताईंनी वॉर्डात फोन करून ती वेळ सांगितलीसुद्धा. वाटेत यांचं तोंड उजवीकडे ओघळत गेलं. मी यांचा हात धरला होता. तो हात मला धरत नव्हता.

दवाखान्यात तरुण डॉक्टरांनी तपासायला घेतलं. ताई सवयीने मोजू लागल्या. एक, दोन, तीन... पाचाला हात गादीवर टेकला.

"सिस्टर, थोडा धरला होता ना? एक देऊ?" डॉक्टर हळूच म्हणाले.

"टेकला. दोन लिहा."

बेरीज अकरा झाली. त्या क्षणी मला ताईंचा राग आला, इतका की सांगता येत नाही. मग स्कॅन झाला, शिरेतून औषध सुरू झालं, आणि काचेपलीकडे बघत उभं राहण्यापलीकडे माझ्या हाती काही उरलं नाही. दुपारी चारच्या सुमारास मला आत सोडलं आणि यांनी माझं नाव घेतलं. अर्धंच, पण माझंच.

मी धावत बाहेर आले. ताई जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या.

"ताई, बोलले!"

त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, "मलाही एकच लिहावंसं वाटलं होतं गं. पण कमी लिहून हात वर राहत नाही."

मी शेजारी बसले. त्यांचे गुडघे लटलट कापत होते.

"रोज असंच होतं," त्या म्हणाल्या. "घरी कुणाला सांगितलं नाही."

हे आता पुन्हा अंबडला कामावर जातात. एखादा शब्द अजून सापडत नाही, एवढंच. पण तेव्हा यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मला आत जायची घाई होती. उठायला लागले, तर ताईंनी माझ्या पदराचं टोक धरलं.

"जरा बस ना," म्हणाल्या.