सुनंदाच्या सहीचा माल

मुक्ताचा फोन आला तेव्हा मी हॉस्पिटलच्या खाली चहा घेत होतो. "बाबा, वर या," एवढंच आमची लेक म्हणाली. चहा तसाच टाकला. लिफ्ट नेहमीप्रमाणे वरच अडकलेली, म्हणून जिन्याने निघालो आणि दुसऱ्या मजल्यावर पाय थांबले. कळलं होतं... माझी बायको, सुनंदा, गेली होती. आजार लांबलेला, डॉक्टरांनी कल्पना दिलेली, तरी मनाची तयारी काही झाली नव्हती. ती कधीच होत नाही म्हणा.

पुढचे दिवस भेटायला येणाऱ्यांचे. धनकवडीतल्या आमच्या छोट्या घरात चपला काढायला जागा उरेना. माणसं प्रेमाने येत होती, पण बँकेतले माझे जुने सहकारी हळूच विचारायचे, "वहिनी नेमकं काय करायच्या हो? ट्रान्सपोर्टमध्ये होत्या ना?" मी रागावलो नाही. लग्नानंतर कितीतरी वर्षं मलाही धड सांगता येत नव्हतं. सुनंदा कस्टम्स ब्रोकर होती. परदेशातून आलेला माल नेमका काय आहे, सरकारी यादीतल्या कुठल्या रकान्यात बसतो, हे ठरवून आपल्या सहीने लिहून द्यायचं हे तिचं काम. त्या रकान्यावर जकात ठरते, सवलत ठरते, माल सुटतो नाहीतर अडकतो. आणि तिचा हातखंडा होता बुचात, म्हणजे कॉर्कमध्ये. हे ऐकून शेजारच्या कुलकर्णीबाई एकदा म्हणाल्या होत्या, "बुचाची झाडं काय, पुण्यात रस्तोरस्ती आहेत." सुनंदा शांतपणे म्हणाली, "ती फुलं वेचायची झाडं, वहिनी. याची साल सोलतात."

ही साल पोर्तुगालकडून येते. तिचे नुसते तुकडे पाडले आणि कडा धारदार राहिल्या, तर तो अर्धवट माल. त्याचं बूच व्हायचं अजून बाकी. त्याच कडा मुद्दाम गोल केल्या, की तो तयार वस्तूंच्या रकान्यात गेला. भुगा करून तो चिकटवून केलेलं बूच आणखी तिसरीकडे. डोळ्यांवर विसंबू नये, असं सुनंदाचं मत. ती प्रत्येक तुकड्यावरून अंगठा फिरवून बघायची. ही सवय घरीही होती. नव्या जेवणाच्या टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवून तिने सुताराला टेबलासकट परत पाठवलं होतं, आणि आम्ही आठवडाभर जमिनीवर बसून जेवलो होतो.

एका मोठ्या कंपनीत बरीच वर्षं नोकरी केल्यावर, चाळिशी उलटून गेल्यावर तिने परीक्षा देऊन स्वतःचं लायसन्स मिळवलं. स्वारगेटजवळ टायरच्या दुकानावर एक खोली घेतली. पहिलं मोठं गिऱ्हाईक म्हणजे बाळासाहेब कोंडे. कात्रजच्या बोगद्यापलीकडे त्यांची शेड, तिथे प्रयोगशाळेच्या बाटल्यांची बुचं व्हायची. त्यांच्या गोण्या आल्या. सुनंदाने कागदावर लिहिलं, धारदार कडांचे तुकडे. कस्टम्सच्या डेपोतल्या अधिकाऱ्याने वरची गोणी उघडून मूठभर माल काढला, तर कडा गोल. त्याने शेरा मारला, खोटं वर्णन. म्हणजे सवलत लाटायला तयार वस्तू आणून अर्धवट माल म्हणून सांगितल्या. हा शेरा कायम झाला असता तर नवंकोरं लायसन्स गेलं असतं, आणि लायसन्सपेक्षाही तिचं नाव गेलं असतं.

कोंडे घरी आले. साधा माणूस, घाबरलेला. "ताई, चूक झाली म्हणून लिहून देऊ, दंड मी भरतो. माझी मशिनं बंद हायेत."

सुनंदा म्हणाली, "दंड तुम्ही भराल, बाळासाहेब. खोटं बोलल्याचं माझ्या नावावर राहील. मी खोटं लिहिलेलं नाही."

पण मग कडा गोल कशा? रविवारी सकाळी ओट्यापाशी उभी राहून ती नमुन्याचे तुकडे एकेक करून चाचपत होती. पोह्यांचे कांदे करपले, तिला पत्ता नाही. मी बोलणार तेवढ्यात तीच म्हणाली, "अहो, हे घडवलेलं नाही. हे घासलंय." तिने माझा अंगठा धरून एका तुकड्यावर फिरवला. एक कोपरा गुळगुळीत, समोरचा बोटाला बोचणारा. दुसऱ्या तुकड्यात भलताच कोपरा झिजलेला. यंत्राने केलं असतं तर सगळे सारखे झाले असते. समुद्रावरच्या हेलकाव्यांत गोणीच्या तोंडाशी सैल राहिलेले तुकडे एकमेकांवर घासून झिजले होते.

त्या शेऱ्यावरच्या सुनावणीच्या दिवशी तिला स्कूटरवरून डेपोपर्यंत सोडलं. मला फाटकाच्या आत सोडेनात. आत काय झालं ते मागाहून कोंड्यांनी इतक्यांदा सांगितलं, की मी तिथे हजर होतो असंच वाटतं. तिने थप्पीच्या मधली, घट्ट भरलेली गोणी उघडायची विनंती केली. अधिकारी म्हणाले, मॅडम, आम्हाला काम शिकवू नका. सुनंदा म्हणाली, "शिकवत नाही, साहेब. गोणी फक्त मध्यावर कापा. आतल्या तुकड्यांना धार नसेल तर लायसन्स इथेच ठेवून जाते."

गोणी कापली. आतल्या तुकड्यांच्या कडा जशाच्या तशा, धारदार. मग वरची गोणी रिकामी केली, तर तिच्या तळाशी झिजलेल्या बुचाची तपकिरी भुकटी जमलेली. अधिकाऱ्यांनी स्वतः अंगठा फिरवून बघितला आणि आपला शेरा आपल्याच हाताने खोडला. माणूस सरळ होता, हेही सांगायला हवं. बाहेर आल्यावर सुनंदा मला एवढंच म्हणाली, "चला, भूक लागलीय." माझी मात्र छाती अशी फुगली होती, की स्कूटरला किक बसेना.

पुढची खेप आली तेव्हा तिकडच्या कारखान्याने कडा खरोखरच यंत्राने गोल करून पाठवल्या होत्या. कोंडे म्हणाले, मागचा निकाल आपल्या बाजूचा हाय, तेच लावा. सुनंदाने अंगठा फिरवला आणि लिहिलं, तयार वस्तू. कोंडे रागावून दुसऱ्या ब्रोकरकडे गेले, जाताना ओळखीचे दोघे-तिघे घेऊन गेले. मी म्हणालो, तुझा हा अंगठा फार महागात पडतो बुवा. ती म्हणाली, "अहो, विकायला माझ्याकडे दुसरं आहे काय?"

हळूहळू डेपोत बोलबाला झाला. सुनंदाच्या सहीचा माल असला, की फारशी उघडाउघड होईना. काही वर्षांनी कोंडे आपणहून परत आले. म्हणाले, माझ्या गोण्या दर खेपेला फाडतात, ताई, तुमचीच सही पायजे. पुण्यात जन्म काढूनही सुनंदाने एक टोमणा मारला नाही. चहा ठेवला आणि कागद पुढे ओढले.

तिचा फोन मी अजून बंद केलेला नाही. तिच्या टेबलावरच असतो, रोज चार्ज करतो. का, ते विचारू नका. गेल्या आठवड्यात तो वाजला. डेपोतला कुणी तरुण अधिकारी होता, त्याला काही कळलं नव्हतं. बुचाचा माल आलाय, आमच्यात एकमत होत नाहीये, साहेब म्हणाले मॅडमना बोलवा, त्या सांगतील तसं लावू... माल तिच्या गिऱ्हाइकाचाही नव्हता. ज्यांनी एकदा तिला खोटं ठरवायला घेतलं होतं, तेच आता तिचा शब्द मागत होते.

मी म्हणालो, "त्या गेल्या हो. दीड महिना झाला."

तो म्हणाला, "मग आता... आम्ही विचारायचं कुणाला?"

इतका अभिमान आणि इतकं रडू एकाच वेळी येतं, हे मला ठाऊक नव्हतं. काहीतरी पुटपुटून फोन ठेवला, आणि पुन्हा चार्जिंगला लावला.