विझलेल्या दिव्यापुढे थांबणारी मालगाडी

गेल्या महिन्यात आमच्या मजल्यावर एक संसार मोडला. निदान दोन दिवस तरी मोडलेला होता. बातमी आमच्या हिने आणली, आणि हिची बातमी म्हणजे वरच्या कोर्टाचा निकाल, पुढे अपील नाही. शेजारच्या टेलरचं आणि त्याच्या बायकोचं बोलणं बंद झालंय. बोलणं सोडा, ती त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. तो बिचारा गॅलरीत हात वर करून उभा असतो, हातात बंद बॅटरी, आणि ती ताट घेऊन त्याच्या नाकासमोरून सरळ निघून जाते. परत येते, परत जाते. ताटाकडे बघून काहीतरी पुटपुटते. कोपऱ्यातल्या बिऱ्हाडातल्या आजोबांचं मत पडलं की ताट आहे म्हणजे भांडण जेवणावरून असणार. वरच्या मजल्यावरून कळलं की टेलर माफी मागतोय आणि बंद बॅटरी ही माफीची खूण आहे. कशी, ते त्यांनाच ठाऊक.

आता दुसऱ्याच्या घरात नाक खुपसू नये, हे मलाही कळतं. म्हणून मी फक्त गॅलरीत नाक खुपसलं. टेलर उभाच होता. काय झालं म्हणून मी हळूच विचारलं, तर ओठ न हलवता म्हणाला, "भाऊ, बोलू नका. मी सिग्नल आहे."

तर संसार शाबूत होता. उलट इतका शाबूत संसार मी दुसरा पाहिला नाही. बायकोच्या नोकरीपायी खांब होऊन उभा राहणारा नवरा किती जणींना मिळतो? मी हे आमच्या हिला ऐकवलं, आणि तिने ज्या नजरेने माझ्याकडे पाहिलं त्यावरून मी विषय बदलला.

वहिनी, म्हणजे टेलरची बायको, मालगाडी चालवतात. मजल्यावर त्यांना मालगाडीच म्हणतात आणि ते नाव मी ठेवलंय, कबूल करतो. नाव कामावरून वाटतं, पण खरं ते स्वभावावरून आहे. वहिनींना हलायला वेळ लागतो. एखादी गोष्ट सांगितली की आधी हुं, मग बघू, मग कितीतरी वेळ काहीच नाही. आणि एकदा हलल्या की मग मधे कोणी येऊ नये. तरुण होत्या तेव्हा मालधक्क्यावरच्या कचेरीत वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, मोजायच्या. खिडकीतून रोज इंजिन दिसायचं. एके दिवशी साहेबाला म्हणाल्या, मला ते चालवायचंय. साहेब हसला. वहिनी दर वर्षी अर्ज देत राहिल्या, साहेब दर वर्षी हसत राहिला, शेवटी साहेबाची बदली झाली, वहिनींचा अर्ज तिथेच राहिला आणि नव्या साहेबाने तो मंजूर केला. मग सहायक चालक, मग चालक. सिमेंट, कोळसा, खत, कधी नुसत्या रिकाम्या टाक्या. ड्यूटीला वेळकाळ नाही. टेलर घरी शिवणकाम करतो, स्वयंपाकही तोच बघतो, आणि दोघांवर देखरेख करायला सासूबाई आहेत. देखरेखीत त्यांनी आजवर एक दिवस खाडा केलेला नाही.

तर झालं असं, की वहिनींच्या मार्गावर रेल्वे नवी यंत्रणा आणते आहे. आजवर रुळाशेजारी खांबावर दिवे असत. लाल, पिवळा, हिरवा. आता दिवे नाहीत. इंजिनात चालकासमोर एक पडदा. त्यावर वेगाचं गोल घड्याळ, किती वेगाने जायची परवानगी आहे ते दाखवणारी कडा, आणि डाव्या बाजूला एक उभी पट्टी, पुढे किती अंतरावर थांबायचंय ते सांगणारी. पट्टी आखडत गेली की थांबा जवळ आला. बाहेर बघून गाडी चालवणाऱ्या सगळ्यांना आता आत बघून चालवायला शिकायचं होतं. त्यासाठी यार्डामागच्या शेडमध्ये इंजिनाची खोटी केबिन केली होती. खुर्ची खरी, ब्रेकचा दांडा खरा, काचेपलीकडचा रस्ता मात्र चित्रातला.

वहिनी अभ्यासात कच्च्या नव्हत्या. निघण्यापूर्वी गाडीचं वजन, लांबी, ब्रेकची ताकद पडद्यावर भरावी लागते, तिथे भलेभले कालच्याच गाडीचे आकडे ठेवून मोकळे होत. वहिनींचं तिथे कधी चुकलं नाही. चुकलं ते भलत्याच ठिकाणी.

नवी यंत्रणा सुरू झाली तरी जुने खांब लगेच उपटत नाहीत. ते काही काळ तसेच उभे राहतात, दिवे विझवलेले, वर छोटी पांढरी फुली मारलेली. फुलीचा अर्थ, हा खांब आता मेला, याच्याकडे बघू नका. आणि मालगाडीच्या चालकाला पहिल्या दिवसापासून काय शिकवलेलं असतं? दिवा विझलेला दिसला तर तो लाल समजायचा आणि थांबायचं. बल्ब गेला असेल, तार तुटली असेल, काहीही असेल, आधी थांब. हे वहिनींच्या डोक्यात नव्हतं, हातात होतं. भरलेली मालगाडी थांबायला एवढं अंतर घेते की फुली दिसेपर्यंत वाट बघणारा चालक कुठला. लांबून काळा दिवा दिसला की हात दांड्यावर.

पहिल्या परीक्षेत त्या पहिल्याच खांबापाशी थांबल्या. चढावर, भरलेल्या गाडीनिशी. पडदा म्हणत होता जा, आणि वहिनी थांबलेल्या. चित्रातला रस्ता होता म्हणून बरं. खऱ्या मार्गावर मागच्या सगळ्या गाड्या लटकल्या असत्या. दुसऱ्या परीक्षेत त्यांनी दात आवळून तीन खांब सोडले आणि चौथ्याला मान वळलीच. मानेमागोमाग हात. पुन्हा नापास.

परीक्षा तीनच होत्या. तिसरीत गेलं की लांबचा मार्ग बंद, यार्डातलं छोटं इंजिन. दिवसभर त्याच चार रुळांवर वाघिणी पुढे ढकल, मागे ओढ. पगार तोच राहणार होता, ड्यूटीची वेळही ठरलेली मिळणार होती. टेलरला तर वाटलं, बरंच झालं, वेळेवर जेवेल तरी. पण वहिनींना ते पटेना. कोणी विचारलं तर म्हणायच्या, यार्डातही काम असतंच. आणि मग सासूबाईंनी मला दारात गाठून सांगितलं की ती झोपेत पाय दाबते, ब्रेक दाबल्यासारखा. मी म्हटलं, ब्रेक तर हाताचा असतो ना. सासूबाई म्हणाल्या, "तेच म्हणते मी. इतकी बिथरलीय."

शिकवणाऱ्या बाई वयाने वहिनींहून बऱ्याच लहान, पण पक्क्या. आधी सिग्नलच्या तारा दुरुस्त करायच्या, त्यामुळे दोन्ही जगं ओळखून होत्या. त्यांनी वहिनींना धीर वगैरे दिला नाही. म्हणाल्या, तुम्ही चुकत नाही आहात, तुम्ही जुनं बरोबर करताय. ते बंद करायला नुसतं मनाला सांगून भागणार नाही, तोंडाला काम द्या. पूर्वी केबिनमध्ये दोघं असत. चालक दिव्याचा रंग मोठ्याने म्हणायचा, सहायक तो परत म्हणायचा, म्हणजे दोघांचे डोळे जागे. आता चालक एकटा. तर पडद्यावर जे दिसतं ते मोठ्याने म्हणा. वेग किती, परवानगी किती, थांबा किती लांब. तोंड जिथे, डोळे तिथे.

वहिनी म्हणाल्या, एकटीने बोलायचं म्हणजे वेड्यासारखं वाटतं. समोरून उत्तर आलं नाही की माझा सूर जातो.

घरी येऊन त्यांनी हे सांगितलं आणि टेलरच्या डोक्यात गॅलरी आली. आमची गॅलरी लांब आहे, एवढंच तिच्याबद्दल चांगलं बोलता येईल. टेलरने जेवणाच्या ताटावर पुठ्ठ्याचे तुकडे रचले, एकेकावर वेग आणि अंतर. वहिनींनी चालत जायचं, एकेक तुकडा उलटायचा, मोठ्याने म्हणायचं, आणि खांबाकडे बघायचं नाही. खांब म्हणजे तो स्वतः. सहायक कोण? सासूबाई. दारात खुर्ची टाकून बसल्या. वहिनी म्हणाल्या, परवानगी चाळीस, थांबा लांब, की सासूबाई म्हणायच्या, परवानगी चाळीस, थांबा लांब, आणि पदर नीट घे.

सासूबाई मधेच मुद्दाम चुकीचं म्हणायच्या. वहिनी तीस म्हणाल्या तर या पन्नास म्हणायच्या. वहिनींनी पकडलं तर ठीक, नाही पकडलं तर अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं बोलणं खावं लागायचं. टेलरही हळूहळू चावट झाला. ती जवळ आली की खोकायचा, हात हलवायचा, एकदा तर बॅटरी खाली टाकली. सुरुवातीला वहिनी दर वेळी अडखळायच्या. खांब एक पुरेना म्हणून मलाही जिन्याच्या तोंडाशी बंद छत्री धरून उभं केलं. आमच्या हिने ते पाहिलं आणि म्हणाली, चला, तुमचा कुठेतरी उपयोग झाला. मग आजोबा आले, तेही खांब झाले, पण ते उभ्याउभ्या पेंगायचे, त्यामुळे खरा मेलेला सिग्नल तेवढे तेच.

शेवटी शेवटी वहिनी आमच्यामधून अशा जायच्या की आम्ही त्यांना दिसतच नसू. मला जरा लागलं, खोटं कशाला बोलू.

तिसरी परीक्षा. ही हकीगत मला दोन बाजूंनी कळली. थोडी वहिनींकडून, आणि उरलेली त्या शिकवणाऱ्या बाईंकडून, त्या पुढे एकदा घरी आल्या तेव्हा. नियम असा की परीक्षा चालू असताना बाईंनी एक शब्द बोलायचा नाही. चित्रात संध्याकाळ लावलेली, उजेड कमी, काळे खांब एकापाठोपाठ एक. वहिनी वेग म्हणत होत्या, अंतर म्हणत होत्या, पहिला खांब गेला, दुसरा गेला. पण समोरून उत्तर नाही. तिसऱ्याच्या अलीकडे आवाज बारीक झाला. चौथा खांब लांबून दिसायला लागला आणि वहिनींची मान, बाई सांगतात, बोटभर वळली.

आणि मग केबिनमध्ये दुसराच आवाज आला. खरखरीत, म्हातारा, वैतागलेला. परवानगी साठ, थांबा लांब, बघतेस काय तिकडे. बाईंनी आधी मागे वळून पाहिलं, कोणी आत आलंय का. कोणी नव्हतं. वहिनीच सासूबाई झाल्या होत्या. पुढचा सगळा रस्ता त्या दोघींच्या आवाजात बोलल्या. एकदा सून, एकदा सासू. चौथा खांब गेला, पाचवा गेला.

पण खरी मेख पुढे होती. खांब संपले, बाहेर मोकळा रूळ, दूरवर काहीही नाही, आणि पडद्यावरची पट्टी आखडायला लागली. बाहेरचं बघून चालवणारा कोणीही तिथे बेधडक गेला असता. सून म्हणाली, थांबा जवळ. सासू म्हणाली, थांबा जवळ, ऐकू येत नाही का. आणि वहिनींनी हात दांड्यावर टाकला. काहीही दिसत नसताना, नुसत्या पट्टीच्या भरवशावर, भरलेल्या गाडीचा वेग हळूहळू उतरवत आणला आणि जवळ आल्यावरच दिसलेल्या थांब्याच्या पाटीच्या अलीकडे ती उभी केली. मग म्हणे कितीतरी वेळ दांड्यावरचा हात काढलाच नाही.

बाईंनी पास म्हणून सांगितलं आणि नंतर विचारलं, त्या दुसऱ्या कोण होत्या. वहिनींनी खरं सांगितलं. बाईंना तिथे हसू आवरलं नाही आणि नंतर त्यांनी वहिनींना एक काम सांगितलं. अजून बरेच जुने चालक विझलेल्या दिव्यापुढे अडकत होते. त्यांच्या शेजारी बसून समोरून उत्तर द्यायला कोणीतरी हवं होतं. आता आठवड्यातून एकदा वहिनी शेडमध्ये बसतात आणि मोठमोठ्या मिशीवाल्या चालकांना सासूबाईंच्या आवाजात उत्तर देतात. सासूबाईंना हे कळल्यावर त्या एक दिवस रागावल्या आणि मग स्वतःच यायला तयार झाल्या. त्यांना आत सोडत नाहीत, यावर त्यांचं अजून समाधान झालेलं नाही.

परवा वहिनी नव्या मार्गावरची पहिली खरी फेरी करून आल्या. कोळशाची गाडी. चेहऱ्यावर काळं, हातात डबा, जिना चढताना भेटल्या. मी म्हटलं सोडायचं कशाला. ऐकलंय की चालकाने ब्रेक लावला नाही तर ते यंत्र आपोआप लावतं, मग वहिनी, एवढं सगळं करून तुमचा तिथे उपयोग काय राहिला? त्या पायरीवर थांबल्या. नेहमीसारखं आधी हुं झालं. मग डबा या हातातून त्या हातात घेतला आणि म्हणाल्या, "भाऊजी, ते यंत्र आधी मी लावते का ते बघतं, आणि मगच लावतं. म्हणजे अजून तरी पहिला नंबर माझा आहे."