शनिवार-रविवारची शाळकरी

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. रोज वीस-पंचवीस माणसांच्या भाकरी थापाव्यात, वाढताना कान उघडे ठेवावेत, म्हणजे ते आपोआप साचतात, चुलीतल्या राखेसारखे. मग एखाद्या दिवशी उपसून काढावे लागतात. नाही काढले तर चूल धूर करते.

मी लोणखेड्याची. शहाद्यात एक संस्था आहे, तिच्या ऑफिसात स्वयंपाक करते. शाळेचं तोंड पाहिलं नाही. लहानमोठे सगळे मला मोठी माय म्हणतात. हे लिहितेय ती माझी नात. मी अहिराणीत सांगते आणि ती पुस्तकात शोभेल असं करून उतरवते. मधेच हात थांबवून विचारते, "आजी, हे खरंच असं झालं होतं?" मी म्हणते, "तू लिखी ऱ्हायनी का तपास करी ऱ्हायनी?"

* * *

आमच्या संस्थेचं एक केंद्र नर्मदेच्या काठी आहे, मणिबेलीच्या बाजूला. धरणाचं पाणी चढलं तेव्हापासून तिथं बोटीनंच जावं लागतं. रेशन, दाखले, आजारी माणसाला दवाखान्यात पोचवणं, पोरांना शाळेत बसवणं, हे सगळं तिथं रमीला बघते. तिथल्याच एका पाड्याची सून आहे ती. पण केंद्राचा प्रमुख व्हायला समाजकार्याची डिग्री लागते आणि रमीला बारावी. म्हणून प्रमुख बाहेरून यायचा. यायचा आणि जायचा. एकाला बोट लागायची, एकाला उकाडा सोसवायचा नाही, एकीला फोनला रेंज नाही म्हणून रडू यायचं. रमीला प्रत्येकाला काम शिकवायची. शिकून झालं की तो निघालाच.

निरोपाच्या दिवशी मी शेवभाजी करायची, हा रिवाज पडून गेला होता. एकदा नवाच आलेला प्रमुख दुपारी स्वयंपाकघरात डोकावला. "मोठी माय, आज शेवभाजी होईल का?"

संस्थेचे मुख्य, आमचे भाऊ, तिथंच चहा पीत बसले होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "तुम्हीपण?"

बिचारा नुसता भुकेला होता. त्या वेळी नाही गेला. पुढच्या महिन्यात गेला.

* * *

मग भाऊंच्या मनात आलं, बाहेरच्याला डोंगर शिकवत बसण्यापेक्षा डोंगरातल्यालाच डिग्री का देऊ नये? नोकरी सांभाळून शनिवार-रविवार शिकायचं. पुण्याच्या एक बाई आहेत, जन्मभर हेच काम करून रिटायर झालेल्या. आम्ही त्यांना मावशी म्हणतो. त्या म्हणाल्या, फी मी भरते, बोटीचं, जीपचं, बसचं भाडंही देते. पण वर्गाचा दिवस कामाचा धरायचा, पगार कापायचा नाही. अशी अट घालणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं. देणारे पुष्कळ असतात. शिकणाऱ्याच्या घरी चूल पेटली पाहिजे, एवढं कुणाच्या ध्यानात येतं?

सुरुवातीला त्यांनी एका माणसापुरते पैसे पाठवले. भाऊंनी तिघांना बोलावलं. रमीला, दिलवर आणि शिमोन. दिलवर काठी गावाकडचा, पावरा आदिवासी, आमची जीप चालवतो आणि तरुण पोरांचे मेळावे घेतो. शिमोन नवापूरच्या डोंगरातला, शेतीचं काम बघतो, रविवारी चर्चला जायचा. भाऊ म्हणाले, "पैसे एकाचे आलेत. कोणी शिकायचं ते तुमचं तुम्ही ठरवा." आणि ते नंदुरबारला निघून गेले.

तिघं माझ्या चुलीपाशी बसून राहिली. भांडण नाही, तंटा नाही. डोंगरात शिकार झाली की हजर असेल त्याला वाटा मिळतो. शिकारीच्या कुत्र्यालाही मिळतो. ह्यांनी तसंच केलं. दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाऊन प्रत्येकानं आपापला तिसरा हिस्सा भरायला काढला.

तिथल्या क्लार्कनं भाऊंना फोन लावला. "साहेब, कोर्स तीन वर्षांचा आहे. तुमची माणसं एकेक वर्ष वाटून घेणार आहेत का?"

भाऊंनी शरमत शरमत मावशींना कळवलं. मावशी इतक्या हसल्या की फोन त्यांच्या हातातून पडला म्हणे. उचलून म्हणाल्या, "वाटून खाणाऱ्यांतल्या एकालाच कसं वाढू मी? तिघांचे घ्या."

* * *

रमीलाची पोर तेव्हा अंगावर पीत होती. वर्ग चालू असला की मी तिला घेऊन खिडकीबाहेर निंबाच्या सावलीला बसायची. पोर झोपायची आणि मी ऐकायची.

एकदा सरांनी विचारलं, "एखादं कुटुंब मोठ्या संकटात तुमच्याकडे आलं, तर तुम्ही सगळ्यात आधी काय कराल?" मला राहवलं नाही. खिडकीतून म्हटलं, "पहिले जेवाले घाला."

सगळे हसले. सर भला माणूस. म्हणाले, "आजी, चूक नाही तुमचं. पण पुस्तकात पहिली पायरी वेगळी आहे." आणि त्यांनी ती नीट समजावून सांगितली. पण दिलवरनं "चूक नाही" एवढं ऐकलं आणि वही मिटली.

परीक्षेत नेमका तोच प्रश्न. दिलवरनं लिहिलं, प्रथम जेवायला घालावे. कुणाचं मत आहे ते खाली लिहायचं असतं, असं सरांनीच शिकवलेलं. म्हणून खाली लिहिलं, मोठी माय, शहादा.

त्या प्रश्नाला शून्य मिळालं. दिलवर तावातावानं स्वयंपाकघरात आला. "मोठी माय, तुझ्यामुळे मार्क गेले माझे."

मी विचारलं, "सकाळपासून काही खाल्लंस?"

"नाही."

"पहिले जेव. मंग भांड."

तीन भाकरी खाल्ल्यावर भांडायचं काय होतं, ते त्याला आठवेना.

* * *

होळीच्या दिवसांत एकदा तोंडी परीक्षा आली. दिलवरनं नवस केलेला, त्यामुळे तो होळीची पाळणी पाळत होता. ती पाळायची म्हणजे अंगाला राखेचे ठिपके, कमरेला भोपळ्यांची माळ, डोक्यावर मोरपिसांचा टोप. खाटेवर बसायचं नाही, खुर्चीवर बसायचं नाही. काठीची होळी म्हणजे काय ते बघितलेल्यालाच कळेल. गडी तसाच्या तसा परीक्षेला आला. अंघोळही नाही.

बाहेरून परीक्षक आलेले, वयानं मोठे. म्हणाले, "बसा."

दिलवर फरशीवर बसला.

"अहो, वर बसा."

"पाळणी आहे, सर."

परीक्षकांनी थोडा वेळ टेबलावरून वाकून वाकून प्रश्न विचारले. मान दुखायला लागली तसे तेही चपला काढून खाली येऊन बसले. त्याच्यामागून रमीला गेली. सर खाली बसलेत म्हटल्यावर ती वर कशी बसणार? तीही खाली. तिच्यामागून आणखी दोघी, त्याही खाली. सगळ्यात शेवटी शिमोन. खोलीभर खुर्च्या रिकाम्या आणि सर फरशीवर. तो दारातच थबकला.

"सर, आमच्या धर्मात हे नाही," तो म्हणाला. "तरी बसू का?"

* * *

मावशी एकदा आल्या. मोलगीपर्यंत जीपनं, मग पायी डोंगर उतरून, मग बोटीनं थेट रमीलाच्या घरी. रमीलाची सासू मोठी करारी बाई. बोलते कमी. तिनं मावशींना नीट न्याहाळलं आणि जाताना एक जिवंत कोंबडा त्यांच्या मांडीवर ठेवला.

मावशी शाकाहारी. त्यांनी रमीलाकडे बघितलं. रमीला हळूच म्हणाली, "मावशी, नाही म्हणता येत नाही."

कोंबडा बोटीत बसला, जीपमध्ये बसला, पुण्याला गेला. महिन्याभरानं मावशींचा फोन. कोंबडा चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत असतो, रोज पहाटे आरवतो, सोसायटीचे लोक भांडायला येतात. परत पाठवला तर सासूबाईंना राग येईल का?

रमीलानं सासूला विचारलं. सासूनं बराच विचार केला आणि निरोप दिला, "परत नको. एकटा पडलाय म्हणून ओरडतो तो. कोंबडी पाठवते."

* * *

हे सगळं हसण्यासारखं, पण शेवटच्या वर्षी रमीला एका पेपरात अडकली. दिलवर आणि शिमोन सुटले, ती राहिली. पेपर आकड्यांचा होता. भाऊंनी तिच्यासाठी प्रमुखाची जागा धरून ठेवलेली. पण किती दिवस धरणार? पुन्हा नापास झाली असती तर नवा माणूस बाहेरून आणावाच लागला असता.

रमीला माझ्यापाशी आली. रडत होती की हसत होती, कळेना. म्हणाली, "मोठी माय, मी नापास झाले आणि सासूनं घरी कोंबडी कापली."

"का ग?"

"म्हणते, शिकलेलं एकूण एक माणूस बोटीत बसून गेलं. तू अडकलीस, देवाची कृपा."

त्या म्हातारीला तरी काय बोलणार? तिनं आजवर पाहिलं तेच ती सांगत होती.

मावशींनी सोडलं नाही. रमीलाच्या पाड्यात रेंज नाही, वरच्या टेकडीवर एका दगडाजवळ येते. कामावरून आली की रमीला शेळ्या घेऊन टेकडी चढायची आणि मावशी पुण्याहून फोनवर गणितं समजावून द्यायच्या. पगारी माणूससुद्धा एवढं करत नाही. सोबत गावची पोरंही चढायला लागली, त्यांचेही पाढे झाले. आता शेळी हरवली की पाड्यातली बाई पोराला सांगते, "जा रे, कॉलेजवर बघून ये."

* * *

निकाल दिलवरच्या फोनवर आला. रमीला पास. तिला फोन लावला तर लागेना. दिलवर म्हणाला, "चल मोठी माय, आपणच जाऊन सांगू."

तिच्या घरी मी पहिल्यांदाच जात होते. ह्या वयात बोटीत बसले. काठाला लागलो तर बोटवाल्याचं मशीन बिघडलं, दिलवर त्याच्याजवळ थांबला. मला म्हणाला, "ते वरचं घर, तू हो पुढं." धापा टाकत चढले. घरात कुणी नाही. सगळी शेतात, रमीला दुसऱ्या पाड्याला कामावर गेलेली. एवढी मोठी बातमी पोटात घेऊन मी किती वेळ बसणार?

खांबाला मोठा ढोल टांगलेला होता. आमच्या लोणखेड्याला पोरगं पास झालं की बँड लावतात. मी काठी घेतली. हात म्हातारे, जोर नाही. एक ठोका मारायचा, दम घ्यायचा. मग दुसरा.

आणि काय सांगू, वरून खालून माणसं यायला लागली. हातातलं काम टाकून आलेली. बायांनी डोक्यावरून पदर ओढलेले, कुणाच्या टोपलीत ज्वारी, कुणाच्या मका. अंगणात बसल्या आणि गळा काढून रडायला लागल्या. मी म्हटलं, बघा, केवढी माया, सुनेच्या निकालाला सगळा पाडा आनंदानं रडतोय. मलाही आवरेना. मीही रडले. सासू शेतातून धावत आली, तीही बसून रडायला लागली.

एवढ्यात रमीला आली. अंगणातली गर्दी बघून तिचा चेहरा उतरला. त्यांच्यात आधी रडायचं असतं, विचारायचं मागून. ती सासूजवळ बसली, तिच्या गळ्यात पडली आणि रीतसर रडली. तिच्या वाट्याचं रडून झाल्यावर तिनं डोळे पुसले आणि हळूच विचारलं, "कोण गेलं?"

त्यांची बोली मला निम्मीच कळते, उरलेलं मागून दिलवरनं सांगितलं. सासू म्हणाली, "मला काय माहीत? थांबून थांबून एकेक ठोका, म्हणजे मयताचाच ढोल. तोही आपल्याच घरातून."

सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. काठी माझ्या हातातच होती.

तेवढ्यात दिलवर वर पोचला. हात ग्रीसनं काळे, हातात फोन. म्हणाला, "कुणी गेलं नाही. रमीलाताई पास झाली."

कुणाला कळेना, मयताच्या घरी म्हणून आणलेली ज्वारी घेऊन आत जायचं की घरी परतायचं. सासूनं नाक पुसलं आणि सुनेकडे बघितलं.

"पास झाली. म्हणजे आता जाणार तू."

"कुठं जाऊ?" रमीला म्हणाली. "प्रमुख झाले म्हणजे इथंच बसायचं मला. रोज."

सासूनं जमलेल्या सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली.

"मग एवढं रडलो ते फुकट गेलं," ती म्हणाली.