समासातली ओळ

पनवेलबाहेरच्या वीटभट्टीवर आईबाप चिखल तुडवायचे, विटा थापायचे. पावसाळा सोडला तर घर म्हणजे भट्टीशेजारची झोपडी. बाप प्यायला की सरपणातलं लाकूड उचलून आईला मारायचा. मी चौथीत होते, आणि घरात वाचता येणारी मी एकटीच.

आम्ही ख्रिस्ती झालो तेव्हा प्रार्थना घ्यायला येणाऱ्या बाईंनी बायबल दिलं. दर रविवारी बाप मला वाचायला बसवायचा. शेजारच्या झोपड्यांतली माणसंही ऐकायला यायची. एका रविवारी ती गोष्ट निघाली, दगड मारायला आणलेल्या बाईला येशू सोडवतो ती. आदल्या दिवशीचा मार आईच्या डोळ्याखाली काळानिळा दिसत होता. वाचता वाचता मी पदरची एक ओळ घातली, "आणि घरच्या बाईवर हात उचलू नका."

"बाय, परत वाच," बाप म्हणाला. "असं लिवलंय?"

"हो."

तीच ओळ मी त्याच शब्दांत परत वाचली. त्या दिवसापासून त्यानं हात उचलला नाही. वर ती ओळ अख्ख्या भट्टीला पाठ करायला लावली.

नव्वदीच्या सुरुवातीला पुण्यात एम.ए.ला मी बायबलच्या जुन्या हिब्रू-ग्रीक हस्तलिखितांचा विषय घेतला. नकला करणाऱ्यांनी कुठे शब्द गाळले, कुठे समासातली टीप मजकुरात ओढली, हे सर दाखवायचे. एक दिवस म्हणाले, दगडांची ती गोष्ट सगळ्यांत जुन्या ग्रीक प्रतींत नाहीच, मागाहून आली. गोष्टच मागाहून आलेली, त्यात माझी ओळ, आणि त्या ओळीच्या आधारावर माझी आई.

सुट्टीत घरी आले, तर बाप साक्षरता वर्गाला जायला लागलेला. मांडीवर बायबल.

"ती गोष्ट काढून दे. आता मीच वाचतो."

मी पान काढून दिलं. तो बोट ठेवून एकेक अक्षर लावत गेला. बोट गोष्टीच्या शेवटाला आलं, पुढे सरकलं, मागे आलं.

"नाय हितं."

"मी घातली होती, बाबा. तू आईला मारायचास म्हणून."

चुलीतलं लाकूड त्याच्या हाताशी होतं. मी त्या लाकडाकडेच बघत होते. तव्यावरची भाकरी करपली, तरी कोणी हललं नाही.

"सगल्या भट्टीला सांगत फिरलो मी," तो म्हणाला. "हसतील आता."

"हसूदे," आई म्हणाली. तिला त्याच्यापुढे असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "बारा वरसं तू पालली ना ती?"

त्यानं बायबल माझ्यापुढे सरकवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "पेन हाय? लिव बाजूला."

मी समासात लिहिली. अक्षर वाकडं आलं, भीती अजून अंगातून गेली नव्हती.

प्रबंध मी त्याच गोष्टीच्या प्रतींवर लिहिला. पदरचं काही घातलं नाही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी, आणि एम.ए. झाले ती पहिल्या वर्गात.