चाळीस आकाराची अक्षरं

स्फाक्स शहरातल्या कॉलेजसमोर टायपिंगचं एक दुकान होतं. मालक हाज हमादी गल्ल्यावर बसत आणि मोंजिया विद्यार्थ्यांचे प्रबंध टाइप करी. दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स चढवलं तेही तिनेच. डोळे अधू, म्हणून एडिटरमध्ये तिने काळ्या पडद्यावर पिवळी, जाड अक्षरं ठेवली होती. मग हाजसाहेबांचा पुतण्या स्कंदर आला. दुपारी तोच कॉम्प्युटर त्याच्याकडे जाई आणि उठताना हा शहाणा पांढऱ्या पडद्यावर फिकट, मुंगीएवढी अक्षरं करून ठेवी. मोंजिया रोज सकाळी ती बदलत बसे. एकदा घाईत तसंच टाइप केलं, ढीगभर चुका राहिल्या आणि गिऱ्हाइकाने दुकानात तमाशा केला.

"लल्ला, तुम्ही आता झेरॉक्सच बघा," बाईमाणसाला आदराने हाक मारायचा तो शब्द तोंडी ठेवून स्कंदर काकांच्या देखत म्हणाला. "डोळ्यांचं काम तुमचं राहिलं नाही."

काका गप्प बसले आणि तिची खुर्ची गेली. ते गप्प बसणं तिला जास्त झोंबलं. फातेन बिन मराद नावाच्या मुलीचा प्रबंध स्कंदर परस्पर टाइप करून पैसे खिशात घालत होता आणि ती दुसऱ्या दुकानात गेली अशी काकांना थाप मारून बसला होता, हे मोंजियाला ठाऊक होतं. पण नुसती चुगली करून तिचं समाधान झालं नसतं.

दुसऱ्या दिवशी सामान आवरायच्या निमित्ताने ती कॉम्प्युटरवर बसली. अक्षरं चाळीस आकाराची केली आणि सेटिंगला असं कुलूप घातलं की तिच्या पासवर्डशिवाय कुणालाही ती बदलता येऊ नयेत. मग शहाण्यासारखी झेरॉक्सपाशी जाऊन उभी राहिली.

स्कंदरने बरीच खटपट केली, दातओठ खाल्ले. पण फातेनला संध्याकाळी पानं द्यायची होती, त्यामुळे तसाच टाइप करू लागला. गल्ल्यावरून हाजसाहेबांनी पडद्यावरचं फातेनचं नाव सावकाश वाचलं.

"ही तर दुसरीकडे गेली होती ना रे?"

स्कंदरच्या तोंडचं पाणी पळालं. झेरॉक्स त्याच्या गळ्यात पडलं आणि मोंजियाला खुर्ची परत मिळाली, फातेनच्या प्रबंधासकट.

"लल्ला, चुकलो," तो हळूच म्हणाला. "ती अक्षरं तेवढी लहान करा. येणारा-जाणारा फातेनचं नाव वाचतो आणि मला हसतो."

"हसू देत. तूही वाच."

एवढ्या मोठ्या अक्षरांत पडद्यावर जेमतेम सहा ओळी मावत. काम रखडत होतं, मान दुखत होती. पण फातेनचा प्रबंध शेवटच्या पानापर्यंत तिने त्याच आकारात टाइप केला, स्कंदरला झेरॉक्सपासून ओळ न् ओळ दिसेल असा.